समोरच्या खुर्चीबाबत वाचकांच्या हरकती व सूचना

आपल्या खासगी वार्तापत्राची दिशा नव्याने ठरवावी, असा निर्णय हरकती व सूचना विभागाच्या वरिष्ठ लिपिकाने घेतला, तेव्हा त्या वार्तापत्राला मुळात दिशाच नव्हती, ही बाब सुरुवातीलाच नमूद केलेली बरी. वार्तापत्राचं नाव 'समोरचं'. दर रविवारी सकाळी लिपिक चहाचा कप घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसायचा, समोर दिसेल ते लिहायचा, खाली एक चित्र काढायचा आणि ओळखीच्या मंडळींना ईमेलने धाडून द्यायचा. आठवड्यातला तेवढाच एक तास त्याला आपण कुणीतरी आहोत असं वाटे.

समोर दिसायचा तो पलीकडच्या इमारतीचा वॉचमन. त्याच्या खुर्चीवर एक मांजर झोपायचं. मांजराची झोप मोडू नये म्हणून वॉचमन दिवसभर उभा राहायचा. इमारतीच्या कमिटीकडे त्याने दुसरी खुर्ची मागितली होती आणि कमिटी त्यावर विचार करत होती. कथानक म्हणाल तर एवढंच, आणि ते किती तरी महिने चाललं होतं. चित्रातलं मांजर किटलीसारखं दिसायचं, पण लिपिकाचा सगळा जीव त्यात असायचा.

एका दुपारी जेवायला आलेल्या मेहुण्याने विषय काढला. मोठमोठ्या कंपन्यांनी वाढायचं कसं, हे शिकवण्याचा त्याचा धंदा होता.

"दाजी, पत्र छान आहे," तो म्हणाला, "पण ते चाललंय कुठे?"

लिपिक म्हणाला, तुझ्याकडेच येतं की. मेहुण्याने कीव आल्यासारखी मान हलवली आणि वाचकांचं मत मागवायचा सल्ला दिला.

दुसऱ्या कुणी हा सल्ला हसण्यावारी नेला असता. लिपिकाची अडचण वेगळी होती. त्याच्या कार्यालयात आधी निर्णय व्हायचा, मग जनतेच्या सूचना मागवल्या जायच्या, आणि आलेल्या प्रत्येक सूचनेला 'आपल्या सूचनेची योग्य ती दखल घेण्यात आली आहे' असं उत्तर लिपिक स्वतःच्या सहीने पाठवायचा. दखल घेणं म्हणजे सूचनेला टाचणी लावून ती कपाटात ठेवणं. इतकी वर्षं हे करून त्याच्या मनाला कुठेतरी टोचत होतं. निदान घरच्या कारभारात तरी प्रत्येक सूचनेची खरोखरची दखल घ्यायची, असं त्याने ठरवलं. सगळा घोळ इथेच झाला.

प्रश्नावली गेली आणि उत्तरांची रीघ लागली. ज्यांनी आजवर पत्राची साधी पोचही दिली नव्हती, त्यांनी पानंच्या पानं लिहिली. दंतवैद्याचं म्हणणं असं, की इंजेक्शन दिल्यापासून पेशंटची दाढ बधिर होईपर्यंत मजकूर वाचून व्हावा. लिपिकाच्या साहेबांना तो लांब हवा होता, कारण बैठका लांब असतात. चुलत बहिणीला मांजराच्या केसांची अ‍ॅलर्जी होती. वरच्या मजल्यावरच्या वकिलांना वॉचमनला उभं ठेवणं हा अन्याय वाटला, तर वकिलांच्या बायकोला त्याने काम सोडून मांजर सांभाळणं खटकलं. 'शेवटचा अंक कधी वाचलात?' या प्रश्नाला मात्र सगळ्यांचं उत्तर एकच होतं: निवांत वेळ मिळाला की वाचणार आहे.

लिपिक खट्टू झाला. मेहुणा मात्र खूश झाला. न वाचणारे वाचक हीच वाढीची खरी संधी असते, असं त्याने दाजींना समजावलं.

मग कार्यवाही सुरू झाली. बहिणीखातर मांजर काढून टाकलं. खुर्ची रिकामी असताना वॉचमन उभा का, अशी पृच्छा आली, म्हणून खुर्चीही काढून टाकली. नुसता उभा असलेला वॉचमन फार निराशावादी वाटतो असं मत पडलं, तेव्हा त्याला चालताना दाखवलं. ड्यूटी सोडून हा निघाला कुठे, अशी हरकत वकिलांच्या बायकोने घेतली, म्हणून वॉचमनही गेला. उरलं फाटक. ते उघडं असावं की बंद, यावर वाचकांत दोन तट पडले. लिपिकाने ते अर्धवट उघडं काढलं, तेव्हा दोन्ही तटांनी एकत्र येऊन निषेध नोंदवला.

मजकूर आता दंतवैद्यासाठी थोडक्यात आणि साहेबांसाठी सविस्तर असा दोनदा जाऊ लागला. त्याच्या वर मागच्या अंकावरच्या सूचना, खाली केलेली कार्यवाही, शेवटी नवी प्रश्नावली. हे बसवायला रविवार पुरेना, म्हणून लिपिक शनिवारपासूनच बसायला लागला, तेही खिडकीकडे पाठ करून, कारण समोरून येणारा उजेड डोळ्यांवर यायचा. चहा तसाच गार व्हायचा. बायकोने बरेच दिवस हे पाहिलं आणि एकदा कपडे वाळत घालता घालता ती बोललीच.

"ऑफिसात तुम्ही कुणाचंच ऐकत नाही आणि घरी सगळ्यांचंच ऐकता. एकदा उलटं करून बघा ना."

लिपिकाने ही सूचना नोंदवून घेतली.

पुढे मेहुण्याच्या अध्यक्षतेखाली वाचक सल्लागार मंडळ स्थापन झालं. दंतवैद्य आणि साहेब हे सदस्य. बैठक दवाखान्यात भरली. स्टुलं मोजकीच होती, म्हणून ज्याच्याविषयी चर्चा होती त्याला दाढा काढायच्या खुर्चीत आडवं केलं आणि वरचा दिवा लावला. बऱ्याच ऊहापोहानंतर ठराव झाला, की प्रश्नावली न भरणारे वाचक निष्क्रिय समजून यादीतून कमी करावेत. लिपिकाने आडव्यानेच यादी चाळली. सबंध यादीत निष्क्रिय एकट्या सासूबाईच निघाल्या.

"अरे, पण तुझी आई आहे ती," लिपिक म्हणाला.

"आई कुठलं वाचतेय, दाजी. आणि नियमात घरचं-बाहेरचं नसतं."

नियमापुढे लिपिकाचं आयुष्यात कधी काही चाललं नव्हतं. त्याच संध्याकाळी सासूबाई कमी झाल्या.

रविवारी दुपारी त्यांचा फोन आला.

"जावईबुवा, तब्येत बरी आहे ना? आज पत्र नाही आलं."

आपला अभिप्राय विहित मुदतीत प्राप्त न झाल्याने, असं काहीसं लिपिक पुटपुटला.

"कसला अभिप्राय?" सासूबाई म्हणाल्या. "पत्र आलं की मी वाचते. मधे तुमच्या ऑफिसचं काहीतरी चुकून माझ्याकडे येत होतं, तेही वाचलं. पण त्यात वॉचमनचं काहीच नव्हतं. मिळाली का हो त्याला दुसरी खुर्ची?"

लिपिकाला ते ठाऊक नव्हतं. रस्त्याच्या पलीकडची गोष्ट, आणि तिच्याविषयी एवढे रकाने भरूनही त्याला ठाऊक नव्हतं. त्याला मनापासून लाज वाटली. फोन कानाला लावूनच तो उठला, वळला आणि त्याने पडदा सारला.

फाटकाशी दोन खुर्च्या होत्या. कमिटीचा विचार झाला होता. एका खुर्चीवर मांजर झोपलं होतं, दुसरीवर त्याची पिल्लं झोपली होती आणि वॉचमन बाजूला उभा होता.

लिपिकाने दिसलं तसं सांगितलं. सासूबाई ठसका लागेपर्यंत हसल्या. त्यांचं ऐकून लिपिकही हसत सुटला, आणि बायको काय झालं म्हणून बघायला आली ती खिडकीशीच उभी राहिली.

"हे लिहा," सासूबाई म्हणाल्या. "आणि मांजर किटलीसारखंच काढा, नाहीतर मला ओळखायला यायचं नाही."

लिपिकाने खुर्ची खिडकीकडे फिरवली आणि लिहायला घेतलं. पत्र एकाच पत्त्यावर गेलं. इतक्या दिवसांनी त्याने चहा गरम प्यायला.

'समोरचं' त्याने रीतसर मंडळाच्या स्वाधीन केलं. लेखक गेल्याने हरकतींचं मूळ कारण दूर झालं, अशी समाधानाची नोंद मंडळाने केली. आता त्यात मजकूर नसतो, चित्र नसतं, फाटकही नसतं. दर रविवारी फक्त प्रश्नावली जाते, आणि वाचकसंख्या अशी वाढते आहे की मेहुणा कंपन्यांना तिचा दाखला देतो.

ती तुम्हालाही येते. पूर्वीचा एकही अंक तुम्ही उघडला नव्हता, पण मागच्या रविवारची प्रश्नावली तुम्ही आवर्जून भरलीत आणि शेवटी लिहिलंत, 'आता पूर्वीची मजा राहिली नाही.' आपल्या सूचनेची योग्य ती दखल घेण्यात आली आहे.