पुराची निळी रेषा

"परवानगी? अगं, आज अर्ज टाकतो, महिनाभरात बाथरूम उभं!" असं मी बायकोला छाती ठोकून सांगितलं आणि तिथेच माशी शिंकली.

बाथरूम आईसाठी हवं होतं. आमचं सध्याचं बाथरूम जिन्याच्या मधल्या वळणावर, नऊ पायऱ्या चढून. आईचे गुडघे पार गेलेले. पहिल्या आठ पायऱ्यांवर ती देवाचं नाव घेते, नवव्या पायरीवर माझं! म्हणून तिच्या खोलीलगत, अंगणात, एक साधं बाथरूम बांधायचं ठरवलं. पण घर नदीकाठी. पूरक्षेत्रात वीट रचायची तरी नगरपालिकेची परवानगी लागते.

पाहणीला साहेब आले. सोबत टेप, फाईल आणि जन्मजात संशय.

"नियम सोपा आहे," ते म्हणाले. "आजवर पाणी जिथपर्यंत चढलं, त्याच्या दीड फूट वर बाथरूमची फरशी हवी. पाणी कुठपर्यंत आलं होतं?"

मी तोंड उघडणार, एवढ्यात त्यांची नजर भिंतीवरच्या निळ्या रेषेवर गेली.

त्याचं असं झालं. बारा वर्षांपूर्वीच्या पुरात आमच्या अंगणात पोटरीएवढं पाणी आलं होतं. उंबरासुद्धा ओलांडला नाही. आठवण म्हणून मी भिंतीवर निळी रेषा मारली. पण पाहुणे ती बघून नुसतं "हं" म्हणायचे. मग घराला रंग देताना रंगाऱ्याला म्हटलं, "जरा वर घे." पुढच्या रंगाला, "अजून जरा." आता रेषा माझ्या नाकाशी आहे आणि पाहुणे तिच्याजवळ उभं राहून फोटो काढतात!

साहेबांनी टेप लावली. "साडेपाच फूट. अधिक दीड. फरशी सात फुटांवर!"

"साहेब, ती रेषा खोटी आहे हो! मीच वाढवली!"

"परवानगी हवी असली की सगळ्यांचं पाणी असंच ओसरतं."

बायको धावत आली. "अहो साहेब, त्या रेषेचं काही खरं नाही, पाणी पोटरीपर्यंतच होतं!"

"घरच्यांची साक्ष घरच्यांच्या बाजूनं धरत नाही. विरोधात दिली तरच धरतो."

गलका ऐकून आई काठी टेकत बाहेर आली. पुराच्या वेळी ती मावशीकडे होती. सगळा पूर तिनं माझ्याच तोंडून ऐकलेला.

"माझ्या मुलाला खोटं ठरवता?" ती कडाडली. "गळ्याएवढ्या पाण्यात उभा राहून यानं डोक्यावरून सिलिंडर वाचवला!"

"आई, तू गप्प बस गं!"

"का? तूच सांगितलंस ना?"

साहेबांनी 'सिलिंडर'सुद्धा लिहून घेतला.

आठवड्यात परवानगी आली. आठवड्यात! मंजूर बाथरूम सात फुटांवर, बारा पायऱ्या. आईनं कागद नीट वाचला.

"आत्ताच्याला नऊच आहेत रे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आई, पाणी पोटरीपर्यंतच होतं गं. मी थापा मारल्या."

"माहितीये. पूर ओसरल्यावर मी परत आले, तेव्हा माझ्या पलंगाखालच्या चपला कोरड्या ठणठणीत होत्या."

"मग साहेबांसमोर बोलली का नाहीस?"

"चारचौघांत पोटच्या पोराला खोटं पाडू? त्यापेक्षा बारा पायऱ्या परवडल्या."

माझे डोळे भरून आले. तेवढ्यात बायको म्हणाली, "पण आई, साहेब विरोधातली साक्ष धरतात म्हणे. लेखी दिली तर चारचौघांचा प्रश्नच नाही."

आई म्हणाली, "चष्मा आण माझा."

फेरविचाराचा अर्ज काल दिला. सोबत आईची साक्ष जोडली आहे. मी थापाडा कसा, हे तिनं पहिलीतल्या माझ्या खोट्या पोटदुखीपासून लिहिलं आहे. चार पानं भरली. पुराचा विषय शेवटच्या ओळीत आहे.