फोटोखालची मोट

"शुक्रवारी म्या एका पायावर पाण्यावरनं पळणार!" वाल्मीकनं हॉटेलातल्या बाकड्यावर उभं राहून जाहीर केलं. जमिनीवर दोन पायांनी पळताना तो दोनदा आपटलेला सगळ्या गावानं पाहिला होता. त्यामुळं कुणी चहाचा कपसुद्धा खाली ठेवला नाही.

पण वाल्मीकला घाई होती. आजवर तीन मुलींचे बाप पोहे खाऊन परत गेले होते आणि तिघंही उंबऱ्यात एकच बोलले होते, "पोरगं गुणाचं हाय, पर हुन्नर काय हाय त्याच्यात?" शुक्रवारी दुपारी चौथे येणार होते, देवगाव फाट्याचे किशनराव. त्यांची कोकिळा वाल्मीकनं जिंतूरच्या बाजारात एकदाच पाहिली होती. त्या दिवशी आपण बाजारात काय आणायला गेलो होतो, हे त्याला आजतागायत आठवलेलं नव्हतं!

हुन्नर सापडला परभणीच्या स्टेशनाबाहेर, भज्यांच्या कागदावर. फोटोत एक गोरा बाबा पाण्यावर उभा. एका पायाखाली फळी, दुसरा पाय तेलाच्या डागात बुडालेला. हातात दोरी, तोंडावर सासरवाडीला आल्यासारखं हसू. दोरीच्या पुढं कागद फाटलेला. फोटोखाली एकच शब्द शिल्लक: 'मोट'.

"म्होरं काय आसंल रं?" मित्र सुग्रीवनं विचारलं.

"वाचता येत न्हाई? मोट! म्हंजी बैल आसणार. दोरी काय आपल्या आपण वढती व्हय?"

सुग्रीव लगेच वाल्मीकच्या मामांच्या गोठ्याकडं निघाला.

भुजंगमामांच्या बैलजोडीनं नऊ वर्षं विहिरीवर मोट ओढली होती. विजेचा पंप आल्यापासून दोन वर्षं ती रिटायर्ड हेडमास्तरांसारखी नुसती रवंथ करत बसलेली. वाल्मीकनं मोटेचा नाडा, म्हणजे जाड लांबलचक दोर, काढला. गोठ्याच्या दाराची फळी उचकटून सायकलच्या ट्यूबनं उजव्या पायाला करकचून बांधली. हातातून सुटायला नको म्हणून नाडा कमरेला गुंडाळला, वर तीन गाठी मारल्या.

शुक्रवारी सकाळी, सराव म्हणून, पाझर तलावावर सुग्रीवनं बैलांच्या शेपट्या पिरगाळल्या. बैल उधळले! नाडा ताठ झाला आणि, खोटं वाटेल, पण वाल्मीक उभा राहिला! एका पायावर! फोटोतल्यासारखं हसूनसुद्धा घेतलं त्यानं.

चाळीस पावलांवर बैल थांबले. त्यांच्या मते मोट वर येऊन रिकामी झाली होती. नऊ वर्षांच्या शिस्तीनं ते उलट्या पावली मागं यायला लागले.

नाडा ढिला, वाल्मीक खाली. बैल पुढं, नाडा ताठ, वाल्मीक वर!

"सुग्र्या, थांबीव!" गुडुप.

"ऐकंनात रं!"

"गाठ सोड..." गुडुप.

इकडं किशनराव पहिल्याच एसटीनं येऊन घरी टेकले होते. "पोरगं कुठाय, बाई?"

"तळ्यावर गेलंय," वाल्मीकची आई धुरपताबाई म्हणाली, "एका पायावर उभं ऱ्हायला."

किशनरावांच्या हातातली बशी कलली. "आन् नाव वाल्मीक! बाई, म्या जावई बघायला आलोय, साधू न्हाई!"

"आवो, लग्नाला बी एका पायावर तयार हाय!"

"म्हंजी पाय एकच हाय का काय?" धोतर सावरत किशनराव तळ्याकडं धावले.

त्यांचं अर्धं आयुष्य मोटेवर गेलेलं. एका नजरेत त्यांना सगळं कळलं, फक्त कारण कळेना. "चामड्याची मोट मिळंना व्हय? माणूस बांधून काय करायलाव?" असं गरजून त्यांनी जीभ टाळ्याला लावून असा काही 'च्यक्' आवाज काढला की बैल जागच्या जागी उभे!

वाल्मीकला बाहेर ओढलं. बोलायला तोंड उघडलं की त्यातून पाणीच यायचं. शेवटी सुग्रीवनं पुरावा म्हणून कागद पुढं केला.

"आरं येड्यांनो, ही मोट न्हाई, मोटारबोट! येलदरीच्या धरणावर साहेबाची बघितलीय म्या."

वाल्मीकनं मान खाली घातली. चौथेही गेले! कोकिळा गेली! किशनराव त्याला वरपासून फळीपर्यंत न्याहाळत राहिले.

"हुन्नर काई न्हाई," ते म्हणाले. "अक्कल तर लयच लांब ऱ्हायली. पर येवढ्यांदा बुडालं, दोरी सोडली न्हाई! संसाराला आसलंच माणूस लागतंय. पोरगी दिली!"

"पर पाव्हणं," सुग्रीव प्रामाणिकपणे म्हणाला, "दोरी तर कमरंला तीन गाठी..."

वाल्मीकनं उजवा पाय उचलला आणि दाणकन् सुग्रीवच्या पायावर ठेवला. फळी अजून पायातच होती.

साखरपुड्याला सगळे मांडी घालून बसले. सुग्रीव तेवढा एका पायावर उभा होता.