बारा नावांचे कार्ड

दत्ताराम मांडवकर एकाच वेळी दोन देशांत कायमचा राहत होता. अमेरिकेत तो राहत होता तो स्वतःच्या कष्टाने. बोटीवरचा खलाशी म्हणून गेला, बंदरातल्या गोदामात कामाला लागला आणि सात वर्षांत कायम वास्तव्याचा परवाना मिळवून बसला. रत्नागिरीजवळच्या आपल्या गावी तो राहत होता तो रेशनकार्डावर, आणि ती सगळी वडिलांची कृपा. रेशनला साखर माणशी मिळत असे आणि आप्पा मांडवकर हातचे माणूस सुखासुखी सोडणारे नव्हते.

चौऱ्याऐंशीच्या फेब्रुवारीत दत्तारामचे पत्र आले. बायको विमला आणि दोन मुले यांना नेण्याचा अर्ज मंजूर झाला होता. मुंबईच्या वकिलातीत बारा मार्चला मुलाखत होती. जन्माचे दाखले, ग्रामसेवकाचा लग्नाचा दाखला, फोटो आणि रेशनकार्ड घेऊन जायचे होते. खाली दोनदा अधोरेखित केले होते, ‘कार्डावर माझे नाव असता कामा नये. मी तिथे राहतो असे दिसले तर इथला मी कोण, असे विचारतील.’

बाकीचे कागद विमलाने आठ दिवसांत जमवले. कार्ड मात्र आप्पांच्या ट्रंकेत होते. त्यावर बारा नावे होती आणि घरात जेवणारी तोंडे नऊ. दत्ताराम अमेरिकेत, मुलगी कमळा लग्न होऊन लांज्याला आणि आप्पांची आई देवाघरी. म्हातारीला जाऊन तेरा वर्षे झाली होती, पण साखर ती अजून नेमाने खात होती.

“मी नि पोरं, तिघांचं वेगळं कार्ड करूया,” विमला म्हणाली. “मंग ह्या कार्डाला कोण हात लावनार नाय.”

आप्पांनी पानाची पिंक टाकली. “वेगळं कार्ड म्हंजे वेगळी चूल. मांडवकरांत आजवर कोनी चूल वेगळी केली नाय. गावात तोंड कसं दाखवू मी?”

“आप्पा, मी अमेरिकेत चाललंय.”

“खुशाल जा. पन एकत्र ऱ्हावन जा.”

सून सातासमुद्रापलीकडे जाणार याचे त्यांना काही वाटत नव्हते. कागदावर ती दुसऱ्या चुलीला बसणार, ही मात्र घराण्याची नाचक्की होती. अशी घराणी आमच्याकडे गल्लोगल्ली आहेत.

शेवटी आप्पा एकट्या दत्तारामचे नाव कापायला पुरवठा कचेरीत गेले. कारकुनाने विचारले, “मुलगा कधी गेला?” तेव्हा कुठे आप्पांना सात वर्षांच्या साखरेची आठवण झाली.

“गेला नाय अजून. जायाचा हाय.”

“मग गेल्यावर या. पण कार्ड फार जुनं दिसतंय. गुरुवारी इन्स्पेक्टर तपासणीला येतील. बाराही माणसं घरी हजर ठेवा.”

शहाण्या माणसाने तिथल्या तिथे खरे सांगून कान धरले असते. आप्पांनी घरी येऊन माणसे गोळा केली. कमळा लांज्याहून एस.टी.ने आली, ती निदान खरी होती. म्हातारीच्या जागी शेजारची सावित्रीबाई गोधडीखाली झोपवली. कार्डाप्रमाणे तिचे वय सत्त्याण्णव होते. ती साठीची, त्यामुळे आधीच चिडलेली. आणि दत्ताराम म्हणून तिच्याच मुलाला, केरूला, धुवट सदरा घालून ओटीवर बसवले.

इन्स्पेक्टर आले. एकेक नाव वाचत गेले. म्हातारीपाशी क्षणभर थांबले, पण गोधडीतून कण्हणे ऐकू आल्यावर पुढे सरकले.

“दत्ताराम?”

“व्हय, मीच तो.”

इन्स्पेक्टरांनी लिहिले, ‘मुलगा दत्ताराम समक्ष हजर, पत्नी विमला हिच्यासह याच घरी राहतो.’ मग कागद विमलापुढे केला. “इथे सही करा बाई.”

विमलाने पेन हातात घेतले. या कागदावर सरकारी शिक्का पडला की नवरा गावात. मग अमेरिकेतल्या दत्तारामची ती कोण? बारा मार्च चार दिवसांवर होता. सात वर्षे तिने याच दिवसाची वाट पाहत काढली होती.

तेवढ्यात केरूच्या अंगी आपली भूमिका भिनली. “विमले, बगत काय ऱ्हायलीस? सायबांना चाय आन. माज्यात साखर जरा जास्त घाल.”

विमलाने पेन खाली ठेवले. “सायेब, हा केरू. ह्याची बायको पलीकडं चुलीपाशी हाय, चाय तिच्याकडं मागूदे. माजा नवरा सात वर्सं अमेरिकेत हाय. दत्ताराम त्याचं नाव.”

अकरा वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याचे नाव पहिल्यांदा घेतले. गोधडी बाजूला सारून सत्त्याण्णव वर्षांची म्हातारी ताडकन उठून बसली. “मंग मी पन जातंय. उकडून जीव गेला माजा.”

इन्स्पेक्टरांनी आप्पांना खटल्याची अशी भीती घातली की त्यांनी आता कान धरले. तीन नावे जागच्या जागी कापली गेली. विमलाने तिथेच वेगळ्या कार्डाचा अर्ज दिला आणि तीन दिवसांत तिघांचे कार्ड तिच्या हातात पडले. आप्पांनी तिच्याशी बोलणे टाकले.

मुंबईत गोऱ्या साहेबाने दाखले पाहिले, मुलांना नावे विचारली आणि व्हिसा दिला. रेशनकार्ड त्याने उघडूनसुद्धा पाहिले नाही.

निघायच्या दिवशी दारात सगळे जमले होते. महिनाभर मुके असलेले आप्पा विमलाजवळ आले आणि हळूच म्हणाले, “सूनबाय, ता वेगळं कार्ड कचेरीत परत नको देऊ हां. एकदा मांडलेली चूल मोडू नये.”

विमलाने पिशवीतून कार्ड काढून त्यांच्या हातात ठेवले आणि पाया पडली. आप्पांनी घाईघाईने ते उघडले. आतल्या तिन्ही नावांवर आडवा शिक्का होता, ‘रद्द’.

आप्पांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले. कमळेने पदराने आपलेही डोळे टिपले आणि शेजारणीला म्हणाली, “बग, किती झालं तरी नातवंडांचा जीव हाय त्यांना.”