थोरलीची बादली

सात गायींचा गोठा तोट्यात का जातो, हे शोधायला डेअरीने पाठवलेला सल्लागार पहिल्याच दिवशी शेणावरून घसरून पडला आणि उठता उठता म्हणाला, "एक गाय जास्त आहे."

हे घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं. पेंड महागली होती, दुधाचा भाव जागचा हलत नव्हता आणि थोरली नावाची म्हातारी गाय सकाळी जेमतेम लिटरभर द्यायची. पण उरलेल्या सहांपैकी पाच तिच्याच लेकी नाहीतर नाती. घरातली तिघं, म्हणजे शेतकरी, त्याची बायको आणि त्याचे वडील आबा, तिला विकायचा विषय निघाला की अचानक कामाला लागायची.

"मी कोण ठरवणार? आकडे ठरवतील," सल्लागार म्हणाला. "आठवडाभर प्रत्येक गायीचं दूध वेगळ्या बादलीत काढून ठेवा. मी रोज सकाळी येऊन मोजतो. सगळ्यात कमी देणारी विकलीत, तरच डेअरी पेंड स्वस्तात देईल. आणि तोवर वहीत डोकवायचं नाही. मधेच आकडे बघितले की माणूस चलबिचल होतो."

स्वस्त पेंडीशिवाय एकही गाय पोसणं जमणार नव्हतं. तिघांनी माना डोलावल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे बायकोने धारा काढल्या, सात बादल्या ओळीने मांडल्या, इकडेतिकडे बघितलं आणि तांबडीच्या बादलीतलं तीन लिटर दूध थोरलीच्या बादलीत ओतलं. तांबडी तेरा लिटर द्यायची, तिला काय फरक पडतो! ती आत गेली आणि शेतकरी आला. थोरलीच्या बादलीत चार लिटर बघून त्याला गहिवरून आलं. म्हातारी जिवाच्या आकांताने दूध देतेय, मग आपण हातभार नको लावायला? त्यानेही तांबडीचं तीन लिटर ओतलं. शेवटी आबा आले. सात लिटर बघून त्यांनी थोरलीच्या पाठीवरून हात फिरवला. "शाब्बास गं बाई," म्हणाले, आणि उगाच धोका नको म्हणून आणखी तीन ओतलं.

तिघांनीही तांबडीच्याच बादलीत हात घातला, कारण तिघंही विचारी माणसं होती. आठवडाभर हेच चाललं आणि आठवडाभर तिघं एकमेकांशी फारच गोड वागत होती.

आठव्या दिवशी सल्लागाराने वही उघडली. "थोरली दहा लिटर. पहिला नंबर! बाकीच्या सहा-सात लिटरच्या. आणि तांबडी चार. तांबडी विका."

बायको पुढे झाली. "साहेब, चुकलं माझं. तांबडीचं दूध मी थोरलीच्या बादलीत ओतत होते."

"तू?" शेतकरी ओरडला. "अगं, मी ओतत होतो!"

आबांना नेमका तेव्हाच खोकला आला आणि तो काही केल्या थांबेना.

सल्लागाराने खिन्नपणे वही मिटली. "वहिनी, मागच्या गोठ्यातही हेच झालं. लाडकं जनावर विकायची वेळ आली की अख्खं घर खोटं बोलतं."

"अहो, आत्ता तुमच्यासमोर धार काढून दाखवते!"

"तुमच्या हातावर आता माझा भरवसा नाही. उद्या मी स्वतः काढतो."

दुसऱ्या दिवशी तो खरंच धार काढायला बसला. थोरली कुणापुढेही निमूट उभी राहायची. तिने लिटरभर दिलं. "बुजलीय बिचारी," असं म्हणून त्याने तो आकडा खोडला. तांबडीला मात्र परका हात कधीच चालला नव्हता. तिने पान्हा चोरला, बादली उडवली आणि दुसरी लाथ त्याच्या गुडघ्यावर दिली. दुधाचा थेंबही निघाला नाही.

"बघा, चारसुद्धा जास्तच धरले होते मी," सल्लागार गुडघा चोळत म्हणाला.

शेतकऱ्याने काळजावर दगड ठेवला. "साहेब, नको ते सगळं. थोरलीच विकतो."

"पहिल्या नंबरची गाय विकणार? मग पेंड विसरा."

व्यापारी शुक्रवारी आला. त्याने तांबडीची कास एकदा चाचपली, डेअरीच्या कागदावर चार लिटरच्या हिशेबाने लिहिलेली किंमत दोनदा वाचली आणि कुणाचा विचार बदलायच्या आत तिला गाडीत चढवलं. इतका खूश माणूस त्या दारात कैक वर्षांत आला नव्हता. बायको ढसाढसा रडली. शेतकरी गाडी दिसेनाशी होईपर्यंत रस्त्यावर उभा होता.

स्वस्त पेंड आली. सोबत चिठ्ठीही आली, की सोमवारपासून पुन्हा मोजणी होईल आणि पहिल्या नंबरची गाय दहा लिटरच्या खाली आली तर सवलत बंद.

सोमवारी पहाटे तिघंही एकाच वेळी बादल्यांपाशी पोचली. आता लपवायचं काही राहिलंच नव्हतं.

"कुणाचं ओतायचं?" बायकोने विचारलं.

"कुणाचंच नको," शेतकरी म्हणाला. "खरं काय ते दिसू दे एकदा त्यांना."

आबांनी बाह्या वर केल्या आणि शेजारची बादली पुढे ओढली.

"खरं एकदा सांगून बघितलं की," ते म्हणाले. "पुन्हा परवडायचं नाही."