टिपणीसकाकांचा वॉल्ट्झ

दिल्लीतल्या आर. के. पुरममधल्या आमच्या सरकारी क्वार्टर्सचा जिना उतरला की टिपणीसकाका तळाशी थबकायचे, दोन पायऱ्या परत वर चढायचे आणि पुन्हा उतरायचे. काही विसरलं म्हणून नव्हे. काका तीन-तीनच्या गटांनी जिना उतरत, गटातल्या पहिल्या पायरीवर चप्पल आपटत. आमच्या जिन्याला तीननं भाग जात नसे आणि खाली एक पायरी उरायची. ती एकटी पायरी सोडून ऑफिसला जाणं काकांना जमायचं नाही.

"काका, बस आली!" असं मी कितीदा वरून ओरडले आहे. उत्तर ठरलेलं. "सुनंदा, वॉल्ट्झ चालू आहे. मध्ये बोलू नकोस."

वॉल्ट्झ म्हणजे तीन मात्रांची विलायती नाचाची चाल. पहिली मात्रा दणदणीत, पुढच्या दोन हलक्या. "पहिल्यावर जोर!" हे काकांचं पालुपद. पोळी लाटणाऱ्या काकूंना, स्कूटरला किक मारणाऱ्या माझ्या नवऱ्याला, आणि एकदा तर दात काढणाऱ्या डॉक्टरलाही त्यांनी तोंड उघडं असतानाच हे सांगितलं होतं. डॉक्टरनं ऐकलं, असं काका नंतर सुजलेल्या गालानं म्हणाले.

हे खूळ लागलं ते उदारीकरणामुळे. काका एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते. कारखान्यांना बारीकसारीक परवाने द्यायचे, हे त्यांच्या सेक्शनचं काम. एके दिवशी सरकारनं परवानेच उठवले. सेक्शन राहिला, खुर्ची राहिली, चहाही येत राहिला. पण फायली बंद झाल्या. बाकीची मंडळी टेबलावर डोकं ठेवून झोपू लागली. काकांना दिवसा झोप येत नसे. त्यातच घरी केबल आली आणि तिच्यावर कुठल्या तरी परदेशी वाहिनीवर एक टकलू माणूस डोळे मिटून जॅझ गिटार वाजवताना काकांनी पाहिला. "इतका निवांत माणूस मी आमच्या मंत्रालयातही पाहिला नव्हता," ते म्हणाले. त्याच आठवड्यात गिटार आली.

मग गुरू शोधला. शेजारच्या मुनिरकात भाड्याच्या खोलीत रिकी नावाचा शिलाँगचा मुलगा राहायचा. दिवसभर यूपीएससीचा अभ्यास आणि थकला की जॅझ. वयानं काकांच्या निम्म्याहून लहान. पण काका त्याला 'सर' म्हणत आणि तो खोलीत आला की उठून उभे राहत. खोली त्याचीच असल्यामुळे तो बाथरूममध्ये जाऊन आला तरी काका उठायचे. रिकी बिचारा लाजून लाल व्हायचा. "अंकल, प्लीज, बैठिए ना!"

वर्षभरात काकांना वॉल्ट्झ बऱ्यापैकी यायला लागला. अडायचं ते सोलोवर. सोलो म्हणजे मूळ चाल सोडून मनानं वाजवत जायचं आणि योग्य जागी परत यायचं. काका मला समजावून सांगायचे, "हे आपल्या टूरसारखं गं. मुख्यालय सोडायचं, हिंडायचं, पण परत येऊन जॉइन व्हायचं." काका मुख्यालय झोकात सोडत. जॉइन मात्र कधीच होत नसत.

सेक्टरच्या गणपतीत याची सर्वांना प्रचीती आली. आरतीला गिटारची साथ करण्याचा हट्ट काकांनी धरला. तबल्यावरचे जोशी म्हणाले, "दादरा आहे हा." काका म्हणाले, "वॉल्ट्झ आहे." दोघांनी आपापलं वाजवलं आणि ते जुळलंही. पण दुसऱ्या कडव्यानंतर काकांना सोलोची लहर आली. लोक टाळ्या वाजवत वाट बघत राहिले. काका हिंडतच होते. कापूर विझला. यजमानांनी तबक दुसऱ्या हातात घेतलं. शेवटी मोदक खात मागे उभा असलेला रिकी पुढे आला आणि त्यानं काकांच्या गिटारीवर हात ठेवला. "अब बस, अंकल." मग आरती पूर्ण झाली. काकूंनी चार दिवस काकांशी अबोला धरला आणि रिकीला मात्र डबाभर मोदक दिले.

पुढच्या उन्हाळ्यात रिकीचा निकाल लागला. नाव नव्हतं. तो त्याचा शेवटचा प्रयत्न होता. शिकवणीच्या वारी काका मुनिरकात जाऊन हात हलवत परत आले. "सर दार उघडत नाहीत," ते मला म्हणाले. "तू चल. तू बोलशील नीट."

भर दुपारी आम्ही गेलो. घरमालकीण म्हणाली, "परसों से बंद है. रोटी भी नहीं खाई." मी हाका मारल्या. मग काका दाराला तोंड लावून म्हणाले, "सर, देखिए, उक्त परीक्षा के संदर्भ में ऐसा है कि..." आणि अडकले. आयुष्यभर फायलींवर नोटिंग केलेल्या माणसाला त्यापुढचं वाक्य सुचेना.

ते दाराशीच पायरीवर बसले, पाठीवरची गिटार काढली आणि वॉल्ट्झ सुरू केला. वरून-खालून लोक जमले. "भाईसाब, किसकी शादी है?" कुणीतरी विचारलं. काकांचं लक्ष नव्हतं. ते सोलोत शिरले आणि हरवले. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा त्याच जागी हरवले. घाम गिटारीवर ठिबकत होता. मला वाटलं, आता उठवावं त्यांना. घरमालकिणीनं तर कानांवर हात ठेवले होते.

तेवढ्यात आतून घोगरा आवाज आला. "अंकल, वहाँ से नहीं!"

कडी निघाली. दाढी वाढलेला, डोळे सुजलेला रिकी बाहेर आला, काकांशेजारी बसला आणि त्यांच्या हातून गिटार घेतली. काका उठायला गेले तर त्यानं खांद्यावर दाबून बसवलं. अडणारी जागा वाजवून दाखवली. मग पुढचं वाजवलं, मग त्याच्या पुढचं, आणि थांबायचंच विसरला. घरमालकीण आत जाऊन रोटी आणि दही घेऊन आली.

संध्याकाळी रिकीला घेऊनच आम्ही निघालो. काकूंनी जेवायला बोलावलं होतं. तो थोडा पुढे चालत होता. मी हळूच म्हटलं, "काका, युक्ती नामी हं! मुद्दाम चुकत होतात ना?"

काका चांगलेच दुखावले. "मुद्दाम कशाला चुकेन? घरी मला ती जागा आता येते." मग पुढे चाललेल्या रिकीकडे बघत ते हलक्या आवाजात म्हणाले, "दाराशी बसलो होतो ना मी. आत रडत होता गं तो. बोटं कशी चालणार माझी?"