गप्प म्हणजे होकार

चार देशांची माणसं मी एका बोटीवर सांभाळते, मग लासूर स्टेशनचे पाहुणे सांभाळायला काय लागतं! असं मी आईला छातीठोकपणे सांगितलं होतं. मी मालवाहू बोटीवर थर्ड ऑफिसर. कॅप्टन ग्रीक, इंजिनियर युक्रेनचा, खलाशी फिलिपिन्सचे, आणि प्रत्येकाचं इंग्रजी वेगळं. म्हणून तिथं कडक नियम आहे. हुकूम ऐकला की तोच मोठ्यानं परत म्हणायचा. गप्प राहिलात तर तो तुम्ही घेतलाच नाही, असं धरतात आणि पुन्हा विचारतात.

सुट्टीवर सिडकोतल्या घरी आले आणि लासूरहून सुदर्शन आणि त्याच्या घरची मंडळी मला बघायला आली. फोनवर बोलून बोलून मुलगा मला केव्हाच पसंत पडला होता. प्रश्न त्याच्या आईचा, आवडाबाईंचा होता.

"पोरी, पाणी आण."

"पाणी आणते," मी खणखणीत म्हणाले.

"च्यात साखर कमी टाक."

"चहात साखर कमी."

"बस हितं."

"इथं बसते."

आवडाबाईंच्या भुवया चढल्या. "नक्कल करती व्हय गं माझी?"

आईनं मला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. "जरा तोंड मिटून बस," ती पुटपुटली. मी मिटलं.

"हे बघ," आवडाबाई म्हणाल्या, "लगीन झालं की बोटीवर जायचं नाय. आमच्यात ते चालायचं नाय."

हा हुकूम मी मुद्दामच परत म्हटला नाही. आता त्या पुन्हा विचारतील, मग सांगू, म्हणून वाट बघत बसले. त्यांनी पिशवीतून पेढ्यांचा डबा काढला!

"लई गुणाची पोर. एका शब्दानं उलटून बोलली नाय."

सुदर्शनचे वडील, नानासाहेब, फोनवर मेहुण्याला बीड बायपासचं मंगल कार्यालय बघायला सांगू लागले. आईनं आनंदानं डोळे पुसले.

"थांबा," मी म्हणाले. "मी हो म्हटलेलंच नाही."

"आत्ता तर गप बसली व्हतीस!"

"म्हणूनच. लग्न मला सुदर्शनशीच करायचंय, पण बोट मी सोडणार नाही. आज नाही, लग्नानंतर नाही, कधीच नाही."

नानासाहेबांनी फोन ठेवला. आई माझ्याकडं बघेचना.

"मंग तू तिकडं असल्यावर माझ्या लेकाला भाकरी कोण थापायचं?" आवडाबाईंनी विचारलं.

"तो थापेल. थापशील ना रे?"

सुदर्शननं आईकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, पंख्याकडं बघितलं. बोलला काहीच नाही.

"तुमच्यात गप्प म्हणजे होकार ना आवडाबाई? ठरलं तर मग," म्हणत मी डब्यातला पेढा उचलला आणि त्याच्या तोंडात घातला.

त्याला नाही म्हणायचं होतं का, हे मला अजून नक्की माहीत नाही. पेढा जरा मोठाच होता.