आपोआप सुरू होणारी गाडी

बाटल्यांच्या कारखान्यातल्या सुरक्षा अधिकाऱ्यांना सगळे फलकसाहेब म्हणत. भिंत दिसली की साहेबांचा फलक लागलाच म्हणून समजा. 'पंखा बंद करा', 'नळ बंद करा'. एकदा तर 'जांभई देताना यंत्राकडे लक्ष ठेवा' असाही लागला होता. असा माणूस गाडी घेतो म्हणजे काय! सहा महिने माहितीपत्रकं वाचली, बायकोलाही मोठ्यानं वाचून दाखवली, आणि शेवटी हायब्रिड दारात आणली. थोडं पेट्रोल, थोडी वीज. शहाण्यानं असंच करावं, हे त्यांनी जेवणाच्या सुट्टीत जाहीरही केलं.

कौतुक राहिलं बाजूलाच. जन्मभर डिझेलची गाडी हाकलेल्या फोरमननं विचारलं, ही कुठल्या भिंतीत खोचता? खोचावी लागत नाही, असं साहेबांनी तीनदा सांगितलं. त्यावर स्टोअरच्या बाई म्हणाल्या, मग ही विजेची कसली? बाईंची गाडी निव्वळ विजेवरची, त्यामुळे तो आवाज अधिकाराचा. फोरमन म्हणाला, पेट्रोलची तरी कसली? एरवी या दोघांचं कशावरच जमत नसे. पण साहेबांची गाडी धड ना इकडची धड ना तिकडची, यावर पाच मिनिटांत एकमत झालं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास फाटकावरचा पहारेकरी वर आला आणि अदबीनं म्हणाला, "साहेब, तुमची गाडी चालू झालीय."

"कोणी केली?"

"कोणीच नाही. तिची तीच झाली."

साहेब तावातावानं खाली गेले. गाडी गप्प उभी. काचेला नाक लावून पाहिलं. आत कोणी नाही, आणि काचेवर चमकणाऱ्या उन्हात बाकी काही दिसतही नव्हतं. त्यांनी पहारेकऱ्याला झोपेवर दहा मिनिटं सुनावलं आणि पाठ वळवली. तोच मागून इंजिन घुरघुरलं.

साहेबांचा चेहरा चुन्यासारखा झाला. पण घाबरतील ते सुरक्षा अधिकारी कसले! त्यांनी गाडीभोवती दोरी बांधून घेतली, लाल झेंडी लावली, आणि शोरूमला फोन करून असं झापलं की पॅकिंग खात्यातल्या बायकासुद्धा खिडकीशी आल्या. माणसाच्या जिवाशी खेळता? उद्या ही आपोआप चालायला लागली तर? मग कंपनीला लेखी तक्रार, शोरूमला तिची प्रत, आणि मॅनेजरना 'टळलेला अपघात' म्हणून वेगळा अहवाल. तोवर गाडी आणखी सहा वेळा घुरघुरून गप्प झाली होती. दर वेळी दोरीबाहेरची गर्दी दोन पावलं मागे सरे.

तीन वाजता शोरूमची मेकॅनिक आली. विशीपंचविशीची, शांत मुलगी. ती दोरीखालून वाकून आत गेली, दार उघडलं, एक बटण दाबलं आणि बाहेर आली.

"काका, तुम्ही सकाळी गाडी बंदच केली नव्हती."

"बंद होती! आवाज कुठे होता?"

मग तिनं सगळ्यांसमोर समजावलं. उभी असताना ही बॅटरीवर असते, म्हणून आवाज नसतो. आतला एसी चालू राहिला होता. बॅटरी उतरली की इंजिन थोडा वेळ चालून ती भरायचं. "सकाळी तुम्ही गाडीतून उतरल्यावर ही पीं पीं वाजली असेल ना?"

"वाजली," साहेब म्हणाले. "मला वाटलं, निरोप देतेय."

पॅकिंगच्या खिडक्या एकदम बंद झाल्या. आतून जे ऐकू आलं, ते खोकणं नव्हतं.

फोरमन मात्र हसला नाही. तिनं बटण दाबण्याआधी त्यानं गाडीच्या उघड्या दारातून पेट्रोलचा काटा पाहून ठेवला होता. सकाळी आठपासून तीनपर्यंत, एसीसकट, आणि भरलेल्या टाकीचा काटा जेमतेम हललेला! त्यानं गाडीला दोन चकरा मारल्या आणि महिन्याभरात स्वतःच तशीच घेतली.

ताबा घेऊन आल्यावर त्यानं डबा उघडता उघडता सांगितलं, की शोरूमवाल्यानं आपल्याकडून गाडी बंद करण्याचा चार वेळा सराव करून घेतला. मागे एका गृहस्थांनी दिवसभर चालू ठेवली होती म्हणे, वर तक्रारही त्यांचीच.

"अशानं बदनामीचा दावा लावता येतो," साहेब कडाडले. "आणि तू काय बोललास?"

"म्हटलं, त्या गृहस्थांमुळेच तर घेतली."

साहेब जरा निवळले. संध्याकाळी घरी पाऊल टाकताच त्यांनी बायकोला सांगितलं, की आपल्या शब्दावर फोरमननं हायब्रिड घेतली.

"कुठल्या शब्दावर? तक्रारीतल्या?" बायकोनं विचारलं.

साहेब पंचा घेऊन आंघोळीला गेले.